अभ्यास गावचा, पैसा कुणाचा?

ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, गावांमध्ये एक मोठे काम सुरू झाले. तीस ते एकोणसाठ वयाच्या स्त्रियांच्या घरोघर याद्या करायच्या, त्यांना काम समजावून सांगायचे, संमती घ्यायची आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी त्यांची तपासणी करायची. गावांचे ५२ समूह पाडले होते. काही समूहांत एचपीव्ही या विषाणूची चाचणी होती, काहींत पॅप स्मिअर, तर काहींत प्रशिक्षित नर्सने सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी. चौथ्या गटातल्या स्त्रियांना कॅन्सरची माहिती आणि तपासणी कुठे होते याची कल्पना दिली गेली, प्रत्यक्ष तपासणी मात्र केली गेली नाही. कोणत्या गावाच्या वाट्याला काय यावे, हे कुणाच्या मर्जीने ठरले नाही, सोडतीने ठरले. एकूण १,३१,७४६ स्त्रिया. त्यांचा पाठपुरावा आठ वर्षे चालला.

निकाल एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकातल्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या कॅन्सरने गेल्या होत्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांतल्या ३४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्यांची चाचणी निगेटिव्ह आली, त्यांना पुढच्या आठ वर्षांत हा कॅन्सर होण्याचे प्रमाण नगण्य होते. जगातल्या तज्ज्ञांना हवा असलेला पुरावा कळंब, तुळजापूर, उमरग्याच्या बाजूच्या बायकांनी दिला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिसाव्या वर्षापासून एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती द्यावी असे जाहीर केले, तेव्हा त्यामागच्या पुराव्यांत हा अभ्यास होता.

काम कुणी केले? बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी. पैसा कुणी दिला? अमेरिकेतल्या बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनने.

तो पैसा आला नसता तर हा अभ्यास झाला नसता, आणि देणाऱ्यांविषयी कृतज्ञताच असायला हवी. पण लातूर जिल्हा १९८२ पर्यंत याच उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. भाषा, शेती, लग्नाचे वय, दवाखान्याचे अंतर, सारे एकच. म्हणून लातूर-नांदेडच्या वाचकाने विचारायला हवे की अभ्यास संपल्यावर आपल्याकडे काय उरले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी फक्त १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतल्याचे सांगितले. शंभरात दोनही नाहीत. ज्या चाचणीची उपयुक्तता आपल्या शेजारच्या गावांत सिद्ध झाली, ती २०१६ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये प्राथमिक तपासणी म्हणून आली नाही; तिथे स्वस्त आणि नर्सला करता येणारी ॲसिटिक ॲसिडची पाहणी आली. त्या निर्णयामागेही मुंबईच्या वस्त्यांमध्ये बारा वर्षे चाललेल्या अभ्यासाचा आधार होता: पाहणी वारंवार केली तर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात, असे त्यात दिसले. त्या अभ्यासाचा खर्च अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने केला होता.

दोन्ही अभ्यासांतल्या तपासणी न झालेल्या गटांवरून पुढे नैतिक वाद झाला. तपासणीने जीव वाचतो हे जगाला ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तिच्याविना का ठेवले, असा आक्षेप होता. भारतात त्या काळी बहुतेक स्त्रियांना तपासणी मिळतच नव्हती, म्हणून त्या गटाला जे मिळाले ते नेहमीचेच होते, असे उत्तर दिले गेले. उत्तर खरे आहे आणि म्हणूनच बोचरे आहे. ज्या समाजात नेहमीची सेवाच नसते, तिथे 'काहीही न मिळणारा गट' सहज सापडतो. तुलना सरकारने आधीपासून चालवलेल्या साध्या सेवेशी करावी लागली असती, तर त्या ६४ जणींतल्या काही आज असत्या.

आता याच भागातली दुसरी गोष्ट, जिचा गवगवा फारसा झाला नाही. बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, पण व्यवहाराने निम्मे मराठवाड्याचे. लातूरहून निघालेली जुनी नॅरोगेज बार्शी लाइट रेल्वे इथूनच कुर्डुवाडीला जायची. तिथे १९८० च्या दशकात डॉ. बी. एम. नेने आणि सहकाऱ्यांनी खेड्यांसाठी कॅन्सर रुग्णालय उभे केले. १९८७ पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, निधीतून तिथे ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यांतल्या लोकसंख्येची अशी नोंदणी करणारे हे देशातले पहिले केंद्र. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली सुमारे साडेतीनशे गावे त्यात होती. शहरात नोंदणी म्हणजे रुग्णालयांची रजिस्टरे उतरवून घेणे. खेड्यातला आजारी माणूस रुग्णालयापर्यंत पोचतच नाही, म्हणून इथे कार्यकर्ते गावोगाव जात. सरपंच, शिक्षक, दाई, ग्रामसेवक यांच्याशी बोलत, कुणाच्या अंगावर गाठ आहे, कुणाला अंगावरून जाते आहे, कोण कशाने गेले, हे विचारत आणि संशयित रुग्णाला तपासायला घेऊन येत.

यातून काय कळले? मुंबईच्या मानाने खेड्यांत कॅन्सरचे एकूण प्रमाण बरेच कमी आहे. स्त्रियांमध्ये मात्र गर्भाशयमुखाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर होता, आणि बहुतेक जणी फार उशिरा येत होत्या. आणखी काही वर्षांनी एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली. नोंदणीसाठी माणसे पुन्हा पुन्हा गावात जाऊन बोलत राहिली, त्यामुळे बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. सतत विचारपूस करत राहिल्याने फरक पडला. डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी हे निरीक्षण १९९० च्या दशकात शास्त्रीय नियतकालिकात मांडले.

१९९९ चा मोठा अभ्यास बार्शीच्या आधाराने का उभा राहू शकला, याचे उत्तर इथे आहे. बारा वर्षे नोंदी ठेवल्या जात होत्या. आजार किती आहे हे माहीत होते. गावे ओळखीची होती, लोकांचा विश्वास होता, नोंदी तपासणारी माणसे शिकून तयार झाली होती. बाहेरचा मोठा पैसा आला तो या आधारावर. पैसा देणारे गेले, आणि दरवर्षी थोडेथोडे देणाऱ्या सरकारी निधीवरची नोंदणी चालू राहिली. या प्रकरणात मला जे सांगायचे आहे ते हेच: वैद्यकीय संशोधनात रकमेपेक्षा सातत्याचे मोल अधिक आहे, आणि सातत्य फक्त सरकारच देऊ शकते.

मराठवाड्याच्या माणसाला हे पटवायला दूर जावे लागत नाही. आपल्याकडे तहसिलात पर्जन्यमापक असतो. रोज सकाळी मिलिमीटर लिहिले जातात. पाऊस पडला तरी आणि नाही पडला तरी. यंदा पाऊसच नाही, तर मापकाचा खर्च कशाला, असे कुणी म्हणत नाही, कारण कोरड्या दिवसांची नोंद नसेल तर दुष्काळ सिद्ध करता येत नाही. आजारांची नोंद अशीच अखंड लागते.

ती नांदेड-लातूरला आहे का? राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचा २०१२ ते २०१६ या काळाचा अहवाल २०२० मध्ये निघाला. देशभरातल्या २८ लोकसंख्याधारित नोंदणी केंद्रांची माहिती त्यात आहे. त्यांतली सात महाराष्ट्रातली: मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, बार्शी ग्रामीण, औरंगाबाद आणि उस्मानाबाद-बीड. या २८ केंद्रांत कॅन्सरचे सर्वांत कमी प्रमाण उस्मानाबाद-बीडचे निघाले: वयाचा फरक जमेस धरून दर लाख पुरुषांमागे ३९.५ आणि दर लाख स्त्रियांमागे ४९.४. ही आनंदाची बाब आहे की रुग्ण निदानापर्यंतच पोचत नाहीत, हा संशोधनाचाच विषय आहे. नांदेड आणि लातूर त्या यादीत नाहीत. दोन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ५८ लाखांवर होती. इथले रुग्ण देवगिरी एक्स्प्रेसने, नंदीग्रामने, लातूर-मुंबईने टाटाला जातात, किंवा नांदेडहून हैदराबादला. तिथल्या रुग्णालयाच्या वहीत त्यांची नोंद होते. त्यांच्या जिल्ह्यात दर लाखामागे किती, कोणत्या तालुक्यात जास्त, तंबाखूचा वाटा किती, हे त्या वहीतून निघत नाही.

इथे संस्था नाहीत असे नाही. नांदेडला १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आता डॉ. शंकरराव चव्हाणांच्या नावाचे. लातूरला २००२ पासून शासकीय महाविद्यालय आहे, विलासराव देशमुखांच्या नावाचे. त्याआधीपासून खासगी महाविद्यालय आहे, विवेकानंद रुग्णालयासारखी सेवाभावी परंपरा आहे. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. आणि लातूर पॅटर्न तर महाराष्ट्राला माहीत आहे. नीटची तयारी करायला राज्यभरातून मुले लातूरला येतात, नांदेडलाही येतात. त्यांच्या अकरावी-बारावीच्या दोन वर्षांसाठी आईबाप शेत गहाण टाकतात. डॉक्टर घडवण्याची एवढी जिद्द असलेल्या या प्रदेशात, डॉक्टर झाल्यावर संशोधन करीन म्हणणाऱ्या मुलीला सांगण्यासारखी जागा जवळजवळ नाही. तिला पुण्याला, वेल्लोरला किंवा परदेशी जावे लागते.

अडचण काय आहे हे समजण्यासाठी एका सर्वसाधारण प्रकल्पाचे पैसे कसे चालतात ते पाहू. प्राध्यापक प्रस्ताव पाठवतो. छाननीत वर्ष जाऊ शकते. मंजूर झाला तर बहुधा तीन वर्षांसाठी. पैसे हप्त्याने येतात. मार्चअखेर हिशेब मिटवायचा, उपयोगिता प्रमाणपत्र लेखापरीक्षकाच्या सहीने पाठवायचे. ते तपासून पुढचा हप्ता सुटेपर्यंत पावसाळा उजाडतो. दरम्यान गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्तीचा पगार थांबतो. ती कंत्राटी असते; चार महिने वाट पाहून दुसरीकडे लागते. तिच्याबरोबर कोणत्या वाडीत कुणाचे घर कुठे, कोणत्या बाईला नवऱ्यादेखत बोलता येत नाही, हे सारे ज्ञान जाते. नव्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती महिना ३७,००० रुपये झाली आहे. रक्कम वाईट नाही, पण ती वेळेवर मिळत नसल्याच्या तक्रारी देशभरातून येत असतात. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलाला सहा महिने बिनपगारी राहणे परवडत नाही. अनियमित निधीचा पहिला बळी गरीब घरातला हुशार विद्यार्थी असतो.

तीन वर्षांत संपणारा प्रकल्प तीन वर्षांत उत्तर मिळेल असेच प्रश्न विचारतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ ला किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर आयसीएमआर आणि राज्य शासनाने वाचलेल्यांच्या आरोग्याचा, विशेषतः मानसिक आरोग्याचा, अभ्यास हाती घेतला. त्याचे प्रमुख होते मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे, ज्यांना महाराष्ट्र नट म्हणून अधिक ओळखतो. आपत्तीनंतर घरे बांधायची तशी मनेही सावरायची असतात, हे तेव्हा सरकारने मान्य केले, ही मोठी गोष्ट होती. पण त्या रात्री पाच वर्षांचे असलेले मूल आज पस्तिशी ओलांडून गेले आहे. आई गेलेल्या मुलांचा रक्तदाब, झोप, व्यसन, त्यांच्या स्वतःच्या मुलांचे वाढणे हे समजून घ्यायचे तर अभ्यास तीस-चाळीस वर्षांचा हवा. असे काम प्रकल्पाच्या मुदतीत बसत नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ मध्ये असा अभ्यास सरकारी पैशाने सुरू झाला. १९६० च्या दशकाच्या शेवटी सरकारने तो गुंडाळायचे ठरवले. संशोधकांनी देणग्या गोळा करून तो तगवला आणि नंतर सरकारी निधी परत सुरू झाला. आज त्याच गावातली तिसरी पिढी त्यात आहे. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांनी हृदयविकार होतो, हे आपण गृहीत धरतो. ते सिद्ध होण्यात या गावाचा सिंहाचा वाटा आहे. लातूरच्या औसा रोडवरचा डॉक्टर रुग्णाला 'तुम्हाला धोका आहे' म्हणून सांगतो, त्यामागचे मूळ आकडे बहुतांशी गोऱ्या अमेरिकनांचे असतात. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या, चाळिशीतच मधुमेह झालेल्या, उन्हात राबणाऱ्या माणसाला ते आकडे कितपत लागू पडतात, हे इथेच तपासावे लागेल.

सरकारने नेटाने पैसा दिला की काय होते, याचा दाखला पुण्यात आहे. १९५२ मध्ये आयसीएमआर आणि अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने तिथे विषाणू संशोधन केंद्र काढले. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने आजारी पडू लागली, तेव्हा याच केंद्राने नवा विषाणू ओळखला. १९६७ मध्ये रॉकफेलरने हात काढून घेतला. केंद्र तिथेच बंद पडू शकले असते. आयसीएमआरने पूर्ण भार उचलला. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. मार्च २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू याच संस्थेने वेगळा केला आणि पुढे कोव्हॅक्सिनसाठी दिला. पहिल्या आठवड्यांत संशयितांचे नमुने पुण्याला जात. मग नांदेड-लातूरच्या शासकीय महाविद्यालयांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. मे-जून २०२० मध्ये देशातल्या ७० जिल्ह्यांत पहिले राष्ट्रीय रक्तसर्वेक्षण झाले, त्यात महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांत नांदेड होते, परभणी आणि बीडही होते. संकटाच्या वेळी जी तत्परता दिसली, ती अडुसष्ट वर्षे न चुकता दिलेल्या पगारांतून आली होती. साथ आल्यावर पैसा ओतून विषाणुतज्ज्ञ तयार होत नाहीत.

आणि आता अशा आजारांकडे येऊ, ज्यांच्यासाठी परदेशी देणगीदार किंवा औषध कंपनी सहसा पुढे येत नाही. पहिला सर्पदंश. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा संशोधकांचा अंदाज आहे. मरणारे बहुतेक खेड्यातले. आपल्याकडे शेतीची लाईट रात्री येते. हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस बॅटरी घेऊन बांधावर जातो. सोयाबीनच्या ढिगाखाली घोणस असते, फुरसे असते, घरात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते. आपण देतो ते प्रतिविष चार जातींच्या विषांवर बनवलेले असते आणि ते विष मुख्यतः तामिळनाडूत, इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेमार्फत गोळा होते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे भारतीय शास्त्रज्ञांनीच दाखवले आहे. मग मराठवाड्यातल्या फुरशावर तामिळनाडूच्या विषापासून बनलेले प्रतिविष किती गुणकारी, किती बाटल्या लागतात, मूत्रपिंड कितीजणांचे जाते? याचे उत्तर हवे तर इथल्या सापांचे विष, इथले रुग्ण आणि सलग दहा वर्षांच्या नोंदी लागतील. गिऱ्हाईक गरीब शेतकरी असल्याने बाजार हे काम करणार नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंश नियंत्रणाची राष्ट्रीय कृती योजना आणली, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे ठरवले. चांगले झाले. तिला स्थानिक संशोधनाची जोड हवी.

किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा प्रश्न आहे, काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडने वाकलेली हाडे आहेत. गोंड, कोलाम, आंध कुटुंबांच्या या दुखण्यांचा अभ्यास किनवटमध्येच होऊ शकतो.

सरकारी पैशाने आपले प्रश्न कसे सुटतात, ते क्षयरोगात दिसले. १९५६ मध्ये मद्रासला आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद यांच्या मदतीने एक केंद्र निघाले. क्षयरोग्याला सॅनिटोरियममध्ये ठेवण्याऐवजी घरीच गोळ्या दिल्या तर चालेल का, हा त्यांचा प्रश्न होता. चालते, असे सिद्ध झाले. मुखेडचा किंवा निलंग्याचा रुग्ण आज घरी राहून बरा होतो तो त्यामुळे. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, झारखंडात आयसीएमआरच्या निधीतून झालेल्या अभ्यासाने दाखवले की क्षयरोग्याच्या घरच्यांना पुरेसे धान्य आणि डाळ दिली तर त्यांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटते, फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी. तूरडाळीवर कुणाचे पेटंट नाही. म्हणून हा प्रश्न सरकारखेरीज कुणी विचारला नसता. २०२४ च्या नोव्हेंबरपासून निक्षय पोषण योजनेतली रुग्णाची मदत महिना ५०० वरून १,००० रुपये झाली.

यावर लोक म्हणतात, आधी दवाखान्यात औषधे तर द्या, संशोधन मग बघू. हा आक्षेप मी हलका मानत नाही. २०२३ मध्ये सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. देशभर चर्चा झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे, खाटा, नर्स यांचा पैसा कापून संशोधनाला द्या असे मी मुळीच म्हणणार नाही. पण ती बाळे कुठून आली, किती वजनाची होती, वाटेत किती तास गेले, किती दवाखाने फिरून आली, यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी असत्या तर पुढची बाळे वाचवायची कशी हे कळले असते. नाहीतर प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी समिती नेमावी लागते आणि ती शून्यापासून सुरू करते.

दुसरे म्हणतात, जिद्द असेल तर पैसा लागत नाही. बावस्करांना कुणी दिला होता? जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. लाल विंचवाच्या दंशाने माणसे पटापट मरत होती. त्यांनी एकट्याने रुग्णांपाशी रात्री जागून निरीक्षणे लिहिली, 'लॅन्सेट'ला पाठवली, प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध यावर चालते हे दाखवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एका टक्क्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. असा माणूस पिढीत एखादा होतो. त्याच्या त्यागाचे पोवाडे गाऊन बाकीच्या हजार डॉक्टरांना काहीही न देणे, हा त्या त्यागाचाही मान नव्हे.

पैशाचे आकडे पाहू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९९,८५९ कोटी रुपये होते. त्यांत आरोग्य संशोधन विभागाला ३,९०१ कोटी, म्हणजे चार टक्क्यांहून कमी. दर भारतीयामागे वर्षाला साधारण २८ रुपये पडले. सर्व विज्ञानांच्या संशोधनावर आपला देश सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया चार टक्क्यांहून अधिक. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे अंदाजपत्रक एकटेच ४७ अब्ज डॉलरच्या आसपास होते. पण २०२५ मध्ये तिथेही अनुदाने मधेच रद्द झाली, प्रयोगशाळांच्या वरखर्चावर अचानक मर्यादा घालण्याचा हुकूम निघाला, प्रकरणे न्यायालयात गेली, परदेशी भागीदारांकडे जाणारा पैसा रोखला गेला. म्हणजे श्रीमंत देशातही धोरण एका फटक्यात उलटते, आणि त्यांच्या पैशावर उभे असलेले आपल्याकडचे अभ्यास त्याबरोबर अडचणीत येतात. परक्या देशातल्या निवडणुकीवर आपल्या बायकांच्या तपासण्या अवलंबून राहाव्यात, हे मला मान्य नाही.

राज्य सरकारने यात उतरायला हवे. वैद्यकीय संशोधनासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, आणि त्यावरची मंजुरी पाच-पाच वर्षांची असावी, जेणेकरून सरकार बदलले, मंत्री बदलला तरी चालू अभ्यास थांबणार नाही. नांदेड आणि लातूरच्या शासकीय महाविद्यालयांत लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी आणि सर्पदंशाची नोंदणी कायमची हवी. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ, क्षेत्र कार्यकर्त्या, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांची नियमित पदे हवीत, कंत्राटी नकोत. कोणता अभ्यास करायचा हे शास्त्रज्ञांची समिती ठरवेल आणि दरवर्षी काय आढळले ते मराठीत छापून जिल्हा परिषदेपुढे ठेवील, अशी अट घालावी. लोकांचा पैसा आहे, तर लोकांना हिशेब मिळालाच पाहिजे. दोन जिल्ह्यांतली नोंदणी चालवायला एखाद्या उड्डाणपुलाएवढाही खर्च येणार नाही.

उमेदवार दारात येतात तेव्हा आपण रस्ता मागतो, पाणी मागतो, पीकविमा मागतो. या वेळी त्यांना आणखी एक विचारा: आपल्या जिल्ह्यात दरवर्षी किती माणसे कशाने मरतात, हे सलग दहा वर्षे मोजायला तुम्ही पैसा द्याल का? उत्तर 'हो' असेल तर ते लिहून घ्या आणि अर्थसंकल्प मांडला जाईल त्या दिवशी तपासून पाहा.